मिरवणसेन महाराज, धुरोबा आणि आमच्या बाई

मिरवणसेन महाराजांचा जन्म आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांशेजारी झाला. बाई पेपर तपासता तपासता एखाद्या कोऱ्या पुरवणीवर काहीतरी लिहायच्या, स्वतःशीच हसायच्या आणि पुन्हा लाल पेन उचलायच्या. माझं अक्षर बरं होतं, म्हणून ती पानं सुवाच्य उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी सातवीत होतो. 1970च्या दशकातली अखेरची वर्षं. आमचं चिंचणी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी. गाव डहाणू तालुक्यातलं, स्टेशन वाणगावचं, पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला खाडीपलीकडे तारापूर. बाई मराठी आणि इतिहास शिकवायच्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. प्रसिद्धीची त्यांना आवड नव्हती, आणि त्यांच्या माघारी ती मी त्यांच्यावर लादणं बरं नाही. गावात ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

संमेलनाला नाटक करायचं ठरलं होतं, ते एका राजाचं. राज्याचं नाव ऐटनगरी, राजाचं मिरवणसेन, प्रधानाचं होयबा. राजाला स्वतःखेरीज जगात काही दिसत नाही. अशा राज्यात एके दिवशी डोंगरावरून एक अक्राळविक्राळ, धूर ओकणारा प्राणी उतरतो आणि गावाच्या एकुलत्या एका झऱ्यावर पसरतो. त्याचं नाव धुरोबा. चित्राच्या पुस्तकात आम्ही पाहिलेला ड्रॅगनच तो, पण बाईंनी त्याला आमच्याकडच्या देवांच्या पंगतीतलं नाव दिलं होतं. राजाने त्याला हुसकावायचं, एवढीच गोष्ट.

महाराजांच्या पदव्यांची कथा सांगण्यासारखी आहे. 1950च्या दशकात चिंचणीच्या जमिनीत जुने ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके 848 म्हणजे इसवी सन 926चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संजाणच्या परिसरावर त्याच्या वतीने मुहम्मद नावाचा ताजिक म्हणजे अरब अधिकारी कारभार पाहत होता आणि त्याने तिथल्या एका मठिकेसाठी दान देण्यात भाग घेतला, हे त्यातून कळतं. बाईंनी हे आम्हाला वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यांचे डोळे विस्फारले. आपल्या पायाखाली एवढा इतिहास पुरलेला असेल असं कुणाला वाटलं होतं! मग त्यांनी सांगितलं की अशा लेखांत राजाचं नाव यायच्या आधी स्तुतीच्या ओळींवर ओळी असतात. तिथूनच त्यांनी मिरवणसेनाचा भालदार घडवला. पडदा उघडला की तो पदव्या वाचायला सुरुवात करी : दर्पणदिवाकर, उष्णीषभूषण, स्वमुखावलोकनचतुर. वाचता वाचता त्याला ठसका लागे, दुसरा भालदार पुढे येऊन उरलेल्या वाची, आणि त्या संपेपर्यंत धुरोबा झऱ्यावर येऊन झोपी गेलेला असे. हे सगळं पहिल्या प्रवेशातच. आजही कुठे सत्काराचं लांबलचक प्रास्ताविक सुरू झालं की मला मागे कुठेतरी पाणी अडल्याचा भास होतो.

महाराजांचा पहिला उपाय म्हणजे चित्र. युद्धाला निघण्याआधीच ते दरबारी चित्रकाराला बोलावतात आणि धुरोबाच्या छातीवर पाय देऊन उभी असलेली आपली तसबीर काढून घेतात. तसबीर वेशीवर टांगली जाते. तसबिरीत धुरोबा मेलेला आहे, तेव्हा तो मेलाच, अशी दवंडी होयबा पिटवतो. पाण्याला गेलेल्या बायका सांगतात, अहो, तो तिथेच आहे. त्यांना उत्तर मिळतं : तुम्ही तसबीर पाहिली नाही वाटतं?

दुसरा उपाय फर्मानाचा. सूर्यास्तापूर्वी राज्य सोडावे, अन्यथा दंड भरावा. शिक्का, मोहोर, लाल गोंडा, सगळं यथासांग. शिपाई काठीच्या टोकाला अडकवून ते फर्मान लांबूनच धुरोबाच्या नाकासमोर धरतो. धुरोबा शिंकतो. फर्मानाची राख होते. शिपाई ती राख वाटीत भरून दरबारात आणतो. महाराज विचारतात, पोच मिळाली का? होयबा वाटी पुढे करतो : "ही पोच, महाराज." ती राख दप्तरात नोंदवून शिक्का मारून ठेवली जाते आणि प्रकरण निकाली निघतं. तलाठी कचेरीत खेटे घातलेले पालक या प्रवेशाला इतके हसले की पुढची वाक्यं कुणाला ऐकू आली नाहीत.

मग अर्ध्या राज्याचं बक्षीस. दूरदूरचे वीर येतात. महाराज विचारात पडतात की कुठलं अर्धं द्यावं. मोजणीवाल्यांना बोलावून असं अर्धं काढून घेतात की त्यात नुसतं खाजण आणि भरतीचं पाणी. वीर मंडळी नकाशा पाहतात आणि आल्या वाटेने परत जातात. खाजण म्हणजे काय हे आमच्या प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं.

शेवटी महाराज स्वतः निघतात. कुठला फेटा घालावा यात सकाळ जाते, फेट्याला साजेसा तुरा निवडण्यात दुपार, तुऱ्याला साजेशी मिशी वळवण्यात संध्याकाळ. रात्री मशाल घेऊन ते झऱ्यापाशी पोचतात. धुरोबाच्या अंगावर लखलखीत खवले. मशालीच्या उजेडात त्या प्रत्येक खवल्यात महाराजांना आपला चेहरा दिसतो. इकडे मिरवणसेन, तिकडे मिरवणसेन, पोटावर, पाठीवर, शेपटीवर मिरवणसेन. तलवार गळून पडते. पहाटेपर्यंत ते वाकून, बसून, मान तिरपी करून स्वतःला पाहत राहतात. कोंबडा आरवल्यावर दरबारात परत येऊन सांगतात : "इतका रूपवान प्राणी मी आजवर पाहिला नाही. त्याला मारणं म्हणजे पाप!"

हा प्रवेश बाईंनी कागदावर लिहिला खरा, पण आरशासारखे खवले आणायचे कुठून? त्यासाठी त्या आमच्या घरी आल्या.

माझे बाबा डाय कोरायचे. आमच्या भागात हा धंदा घरोघरी आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी आणि हातोडीने दागिन्याची नक्षी खोल कोरायची. त्या ठशावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा दाबला की नक्षी वर उठून येते. मुंबईच्या बाजारात विकले जाणारे कितीतरी दागिने आधी आमच्या पडव्यांमध्ये असे उलटे कोरले जातात. डोळे बारीक करून, पाठ वाकवून बाबा पडवीत बसलेले असायचे. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली होती. माझ्या शाळेच्या फाटकाच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. प्रगतिपुस्तकावर सही लागली तर आई जायची.

बाई पडवीच्या पायरीवर बसल्या. बाबा गडबडून उठायला लागले तर म्हणाल्या, "बसा दादा, तुमचं काम थांबवू नका. ठसा तपासायला तुम्ही पत्रा दाबून पाहता ना? ते तुकडे नंतर काय करता?"

"भंगारात जातात, बाई."

"मला द्याल? धुरोबाला खवले हवेत."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "पोरांचे हात कापतील. पत्र्याला धार असते."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. कडा घासून तुम्हीच द्यायला हव्यात."

त्यानंतर रात्री जेवणं झाली की बाबा तांब्यापितळेचे ते तुकडे घेऊन बसू लागले. शेजारच्या डायमेकरांनीही आपापले डबे आणून ओतले. कुठल्या तुकड्यावर कोयरी, कुठे मोगऱ्याची कळी, कुठे मोराची मान, कुठे नुसत्या टिंबांची रांग. बाबा प्रत्येकाला खवल्याचा आकार देत, कड कानसेने घासत आणि वर एक भोक पाडत. वर्गातल्या मुलींनी चिंच लावून ते लख्ख केले. पोटाकडच्या मोठ्या खवल्यांना तेलाच्या डब्यांचे पत्रे कापले. बांधायचे कशाला, तर डांडी गावच्या एका मांगेला मच्छीमार काकांनी फाटकं नायलॉनचं जाळं दिलं. जाळ्याच्या प्रत्येक घरात एकेक खवला तारेने अडकवला की अंग हलताना तो सुटा हलायचा आणि किणकिणायचा. आठ मुलं आत शिरून चालत. धुरोबा दिसायच्या आधी ऐकू यायचा.

डोकं कागदाच्या लगद्याचं करायचं होतं. मोखाडा-जव्हारकडे बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे घालून नाचतात. बाईंनी तो पाहिला होता आणि मुखवट्याच्या नाकपुड्या केवढ्या मोठ्या असतात हे हातवारे करून सांगितलं होतं. मी मातीचा साचा करायला घेतला. नाक वर काढत होतो, कपाळ वर काढत होतो, आणि काही केल्या जिवंतपणा येईना. बाबा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "वर काय येणार ते बघू नकोस. खाली किती गेलंय ते बघ. डोळ्याची खोबण खोल कर, डोळा आपोआप येईल." मी खोबण खोदली आणि धुरोबाने माझ्याकडे पाहिलं. पुढे मी चित्रकला शिकलो, शिक्षक झालो, मुलांना छायाप्रकाश शिकवण्यात सगळी नोकरी सरली. त्या सगळ्या शिकवण्यात मी बाबांचं हे एक वाक्यच निरनिराळ्या तऱ्हेने सांगत आलो आहे. ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं बाईंमुळे. त्या पडवीत आल्या नसत्या तर बाबा आणि मी एकाच घरात राहून एकमेकांच्या कामापासून लांबच राहिलो असतो.

बाईंना नाटकाचं हे वेड कुठून लागलं, तेही सांगायला हवं, कारण ऋण असं एका माणसापाशी थांबत नाही. लग्नाआधी त्या गिरगावात राहत. 1959 साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' मुलांपुढे आणलं. त्यातली चेटकीण सुधाताईंनी स्वतः केली. मतकरी तेव्हा जेमतेम विशीतले. मोठ्यांनी, पूर्ण तयारीने, नेपथ्य-प्रकाशासह मुलांसाठी नाटक करायचं ही मराठीत मोठी गोष्ट होती. बाईंनी ते नाटक पाहिलं होतं आणि त्या चेटकिणीबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. पुढे 1962मध्ये मतकरींनी 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' ही त्यांची नाटकं. विजय तेंडुलकरांनी मुलांसाठी 'राजाराणीला घाम हवा' लिहिलं, सई परांजप्यांनी 'पत्तेनगरीत' आणि 'शेपटीचा शाप'. बाईंना सगळ्यांत जवळच्या वाटत त्या सुलभा देशपांडे. त्या दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि शाळेतल्या मुलांना घेऊन नाटकं बसवत. "त्याही शिक्षिकाच ना!" असं बाई म्हणायच्या, आणि तेवढ्या एका आधारावर डहाणू तालुक्यातल्या शाळेत, एका टेबलावर दुसरं टेबल चढवून, रंगमंच उभा करायच्या. सुलभाताईंनी 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या 'चंद्रशाला' या मुलांच्या विभागातून 1980च्या दशकात 'दुर्गा झाली गौरी' आणलं तेव्हा बाई दहावीच्या मुलींना घेऊन गाडीने मुंबईला गेल्या. लोकल तेव्हा विरारपर्यंतच. डहाणूपर्यंत ती आली 2013 साली. रात्रीचा प्रयोग बघून परतायचं म्हणजे मोठं धाडस होतं.

आता नाटकाचा शेवट. माझ्यावरचं सगळ्यांत मोठं ऋण तिथे आहे.

बाईंनी आधी लिहिलेला शेवट सरळ होता. महाराज हरल्यावर गावातला एक धीट मुलगा तलवार उचलतो आणि धुरोबाला मारतो. टाळ्या, राष्ट्रगीत. ते पान मीच सुवाच्य उतरवलं होतं. धुरोबाचा सांगाडा बांबूचा होता. त्यासाठी बांबूच्या कांबी घेऊन एक वारली आजी शाळेत यायची. टोपल्या, सुपं, कणग्या विकायला ती चिंचणीच्या बाजारात येत असे. सांगाडा ती आमच्यासमोर विणत होती, आणि विणता विणता तालीम बघत होती. धुरोबा मेला, मुलं ओरडली, आणि आजीचे हात थांबले. तिने बाईंना विचारलं, मारला कशाला? त्याचं घर कुठं होतं ते विचारलं का कुणी?

मग तिने आम्हाला वाघोबाचं सांगितलं. वारल्यांचा तो देव. गावाच्या वेशीवर, रानात, दगडावर नाहीतर लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ असतो. वर चंद्र आणि सूर्य. वाघाचं आणि माणसांचं ठरलेलं आहे : वाघाने आपल्या रानात राहावं, माणसांनी त्याला त्याची जागा द्यावी आणि वर्षातून एकदा त्याचा मान त्याला पोचवावा. तो दिवस वाघबारस. बाकी महाराष्ट्रात त्याच तिथीला, आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारस असते आणि गायवासरांची पूजा होते. एकाच दिवशी एका ठिकाणी गाय पुजायची आणि दुसऱ्या ठिकाणी तिला खाणारा वाघ पुजायचा, आणि दोन्ही ठिकाणी मनापासून : या गोष्टीचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवशी मात्र मी फक्त बाईंचा चेहरा बघत होतो. त्या आजीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या आणि धडा शिकणाऱ्या मुलीसारखं लक्ष देऊन ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी इतिहासाचा तास बाजूला ठेवला. आम्हाला महाभारतातला बकासुर सांगितला. गाडाभर अन्न खाऊन भीमाने त्याला मारलं, हे ठाऊक होतं. पण त्याच कथेत ब्राह्मण एक तक्रार करतो, तिकडे आमचं लक्ष कधी गेलं नव्हतं : इथला राजा वेत्रकीयगृह नावाच्या ठिकाणी राहतो, त्याला बुद्धी नाही, आणि प्रजेला वाचवायचा कसलाही उपाय तो करत नाही. राक्षस गावाच्या बोकांडी बसतो तेव्हा राजा कुठे असतो, हा प्रश्न व्यासांनाही पडला होता, असं बाई म्हणाल्या. मग कालिया. कृष्णाने त्याच्या फण्यांवर नाच केला, पण त्याला मारलं नाही. रमणक द्वीपावर परत जा म्हणून सांगितलं. तो मुळात यमुनेत आला होता गरुडाच्या भीतीने. "म्हणजे त्याचंही घर सुटलेलं होतं," बाई म्हणाल्या, आणि फळ्यावर लिहिलं : धुरोबा डोंगर सोडून खाली का आला?

उत्तर आम्ही शोधायचं होतं. कुणी म्हणालं भूक लागली म्हणून, कुणी म्हणालं आई हरवली म्हणून. मागच्या बाकावरचा एक मुलगा, नेहमी गप्प असणारा, म्हणाला : राजाने डोंगरावर स्वतःचा पुतळा बसवायला डोंगराचं डोकं कापलं असेल. बाईंनी खडू खाली ठेवला. नाटक तिथे पुरं झालं.

नव्या शेवटात गावातली टोपल्या विणणारी म्हातारी झऱ्यावर जाते. तलवार नाही, फर्मान नाही. ती धुरोबाला विचारते, काय हवंय बाबा तुला? आणि धुरोबा पहिल्यांदाच बोलतो. त्याला कुणी हा प्रश्न विचारलेलाच नसतो. त्याच्या पोटात आग आहे. डोंगरावरच्या गार गुहेत तो निवांत असे. पुतळ्यासाठी गुहा फोडली, म्हणून तो पाण्याशी आला. म्हातारी दरबारात येते. पुतळा उतरवा, डोंगर त्याचा त्याला द्या, वर्षाला एक नारळ पोचवा. महाराज पुतळा उतरवायला तयार होतील का? ते फार रडतात. अखेर धुरोबाच त्यांना वचन देतो की नारळ घेऊन याल त्या दिवशी माझ्या खवल्यांत हवा तेवढा वेळ स्वतःला पाहा. महाराजांचे डोळे चमकतात आणि पुतळा खाली येतो. राजाचा गर्व जात नाही; त्याला निरुपद्रवी जागा मिळते. लहान मुलांच्या नाटकात एवढं शहाणपण मी नंतर क्वचित पाहिलं.

प्रयोग संध्याकाळी, शाळेच्या मैदानावर झाला. तारापूरचं अणुवीज केंद्र देशातलं पहिलं, 1969पासून सुरू, आमच्या गावापासून काही मैलांवर. तिथल्या वसाहतीतली काही कुटुंबंही आली होती. नेमक्या खवल्यांच्या प्रवेशाला मैदानावरचे दिवे गेले. मुलं आतून ओरडायला लागली. बाबा प्रेक्षकांत शेवटच्या रांगेत, उभेच होते. ते निघाले, कुणाच्या तरी दुकानातून पेट्रोमॅक्सची बत्ती आणली आणि स्वतः टेबलांच्या कडेला हात उंच धरून उभे राहिले. बत्तीच्या त्या पांढऱ्या उजेडात धुरोबा हलला आणि कोयऱ्या, कळ्या, मोर, सगळे एकदम पेटले. लाल-पिवळ्या बल्बांत ते तेज आलं नसतं. मिरवणसेन झालेला मुलगा वाक्यच विसरला. पण स्वतःला पाहत राहायचं हेच त्याचं काम होतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. वीज परत आली तरी बाईंनी दिवे लावू दिले नाहीत. प्रवेश संपेपर्यंत बाबा बत्ती धरून उभे होते. माझे वडील माझ्या शाळेच्या रंगमंचावर, सगळ्या गावासमोर!

नाटक संपल्यावर बाईंनी मुलांच्या आधी पाच जणांना पुढे बोलावलं : बाबांना, शेजारच्या दोन डायमेकरांना, जाळं देणाऱ्या काकांना आणि वारली आजीला. आजीला त्यांनी खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, "नाटकाचा शेवट यांनी लिहिला आहे." मुख्याध्यापकांनी नारळ दिला. आजी नारळ घेऊन म्हणाली की हा धुरोबाचा, आणि तिने तो त्याच्या जबड्यासमोर ठेवला. नंतर मैदानाच्या कडेला वाडवळ घरांतल्या आयांनी उकडहंडी लावली होती. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, मडक्यातून वाफाळत पत्रावळीवर आल्या. धुरोबाच्या आतली आठ मुलं सर्वांत आधी जेवली.

बाई निवृत्त झाल्या, काही वर्षांनी गेल्या. आजीला मी नंतर बाजारात भेटत असे; मला बघितलं की ती धुरोबाची खुशाली विचारायची. जाळं सडलं, डोकं उंदरांनी खाल्लं. खवले बाबांनी पुन्हा डब्यात भरून ठेवले होते, ते आता माझ्याकडे आहेत. सुधा करमरकर 2018मध्ये गेल्या, मतकरी 17 मे 2020 रोजी. त्यांचं 'अलबत्या गलबत्या' 2018मध्ये नव्याने आलं, वैभव मांगले चेटकीण झाले, आणि मुलांनी नाट्यगृहं भरून टाकली. मीही माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. मुलांना नाटक आवडत नाही असं मला सांगायला येणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना प्रयोगाला घेऊन जातो.

पण बघणं निराळं आणि करणं निराळं. संमेलनांत आज तयार गाण्यांवर नाच बसवतात, पोशाख भाड्याने आणतात, आणि कुठल्याही मुलाच्या बापाला पत्रा घासून द्यावा लागत नाही. मुलं गुणी आहेत, नाचतातही छान. तरीही माझा जीव तुटतो. त्यांच्या घरात कुठली कारागिरी आहे हे शाळेला कळतच नाही, आणि शाळेत आपल्याला काही स्थान आहे हे त्या घराला कळत नाही. बाईंनी हे एका संमेलनात साधलं होतं, तेही जवळजवळ फुकटात.

म्हणून पालघर जिल्ह्यातल्या, आणि बाहेरच्याही, शिक्षकांना माझी विनंती आहे. मी उतरवलेली ती संहिता, खोडलेल्या शेवटासकट, माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. ज्या शाळेला हवी तिने न्यावी, हवे ते बदल करावेत. मानधन नको, परवानगीही नको. फक्त तयार मुखवटा विकत आणू नका. गावात फिरा, कुणाच्या पडवीत काय आहे ते बघा, आणि तालमीला बाहेरची माणसं येऊन बसली तर त्यांना उठवू नका. आणि पत्रक छापाल तेव्हा ज्यांनी बांबू सोलला, जाळं दिलं, पत्रा घासला, त्यांची नावं सर्वांत वर छापा.